थोरले महाराज : संन्यासापूर्वीची सदतीस वर्षे

भाविकहो, दत्तजयंती जवळ आली की आपल्या घरांतून गुरुचरित्राचे सप्ताह बसतात, देवळात पाळण्याची तयारी सुरू होते आणि संध्याकाळच्या आरतीनंतर करुणात्रिपदीचे सूर कानावर येतात. ती त्रिपदी रचणारे श्रीमत् परमहंस परिव्राजकाचार्य श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी महाराज, म्हणजे आपले थोरले महाराज, आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते दंड-कमंडलू घेतलेले, छाटी पांघरलेले, अनवाणी. घराघरांत तसबीर आहे ती त्याच रूपाची. त्यांचं चरित्र सांगताना आपण बहुतेक संन्यासापासूनच सुरुवात करतो. आधीचं सगळं दोन-चार वाक्यांत उरकतो.

यंदा मी मुद्दाम उलट करणार आहे. संन्यासाआधीची सदतीस वर्षंच सांगणार आहे. त्याला एक घरगुती कारण झालं. माझा नातू सव्वीस वर्षांचा आहे. पुण्यात खोली घेऊन चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, दोनदा अगदी काठावर राहिला आणि गणपतीला घरी आला तो परत जायलाच तयार नाही. बरोबरीचे कुठल्या कुठे गेले, माझं वय निघून गेलं, असं त्याचं पालुपद. सव्वीस वर्षं म्हणजे वय निघून गेलं! मी हसलो आणि चुकलो. त्याला खरंच तसं वाटत होतं. नंतर दोन-तीन रात्री झोप येईना तेव्हा महाराजांचं चरित्र पुन्हा काढून बसलो, आणि यंदा हिशेब मांडून वाचलं. कुठल्या वर्षी वय काय होतं, हे शेजारी पेन्सिलीने लिहीत गेलो. आजवर इतकी पारायणं केली, पण हे कधी केलं नव्हतं.

महाराजांचा जन्म श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ चा. गाव माणगाव, तेव्हा सावंतवाडी संस्थानात, आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यात. निर्मला नदीच्या काठचं गाव. घर भिक्षुकाचं, परिस्थिती बेताची. आजोबा हरिभट्ट, वडील गणेशभट्ट, आई रमाबाई.

वडिलांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढच्या साऱ्याचं बीज तिथं आहे. गणेशभट्ट हे निस्सीम दत्तभक्त. घरदार मागे ठेवून ते वर्षानुवर्षं गाणगापुरी दत्तसेवेत राहात. परंपरेत असं सांगतात की तिथं त्यांना दृष्टांत झाला, घरी परत जा, गृहस्थाश्रम चालव, तुझ्या पोटी मी येईन. ते माणगावला परत आले, आणि मग वासुदेवाचा जन्म झाला. म्हणजे बघा, ज्या मुलाने पुढे भारतभर दत्तभक्ती नेली, त्याचा जन्मच मुळी एका परत पाठवण्यातून झाला. गाणगापूर सोडताना गणेशभट्टांना सोपं गेलं नसणार. देवाच्या पायाशी राहायचं सोडून कोकणातल्या ओढाताणीच्या संसारात परत यायचं, तेही देवाच्याच सांगण्यावरून.

वासुदेवाचं लहानपण आजोबांच्या हाताखाली गेलं. आठव्या वर्षी मुंज झाली. वेदाध्ययन सुरू झालं ते घरी हरिभट्टांजवळ आणि मग वेदमूर्ती तात्याभटजी उकिडव्यांकडे. बुद्धी इतकी तल्लख की पाठ एकदा ऐकला की बसला. पुढे संस्कृत, ज्योतिष, वैद्यक अशी एकेक विद्या जोडत गेले आणि तरुणपणीच पंचक्रोशीत वासुदेवशास्त्री म्हणून ओळखले जाऊ लागले. आणि मुंजीनंतर थोड्याच वर्षांत एक नेम लागला तो गुरुचरित्राच्या वाचनाचा.

आता इथं जरा थांबतो. गुरुचरित्र आपण सगळेच वाचतो, पण बारा-चौदा वर्षांच्या तीव्र वैराग्याच्या मुलाने ते रोज वाचलं तर त्याला काय दिसेल? श्रीपाद श्रीवल्लभ पीठापुरात जन्मले, सोळाव्या वर्षी आईवडिलांनी लग्नाचं काढलं तेव्हा घर सोडून निघाले. दोन भाऊ, एक पांगळा आणि एक आंधळा, त्यांना कृपादृष्टीने धडधाकट करून आईवडिलांची सोय लावली आणि काशी-बदरीची वाट धरली. श्रीनृसिंह सरस्वती तर त्याहून लहान. कारंज्याला मुंज झाल्यावर मुका मुलगा वेद बोलू लागला आणि लगेच संन्यासाला निघाला. दत्तसंप्रदायाच्या मूळ ग्रंथात दोन्ही अवतार कोवळ्या वयात घराबाहेर पडतात. अशा पोथीवर वाढलेल्या मुलाला घाई झाली नसती तरच नवल.

पण त्याच पोथीत अजून एक गोष्ट आहे, ती आपण वाचताना पटकन पुढे जातो. बाळ नरहरी निघाला तेव्हा आई रडू लागली, तर तो थांबला. तिला आणखी मुलं होतील असं आश्वासन दिलं, आणि जुळे मुलगे होईपर्यंत घरीच राहिला. अवतारी पुरुष, वेद मुखोद्गत, त्याला कोण अडवणार होतं? तरी घरातली व्यवस्था लागेपर्यंत पाऊल उचललं नाही. श्रीपादांनीही भावांचं आधी पाहिलं. वासुदेवशास्त्र्यांच्या वाचनातून हे सुटलं नसणार. शिवाय ते शास्त्री. ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी निघावं अशी मोकळीक जाबालोपनिषद देतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि ऋषिऋण, देवऋण, पितृऋण ही तीन ऋणं फेडल्याशिवाय सुटका नाही, हेही ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना आधार आहे. मग माणूस आपल्याला सोयीचा तो आधार घेतो. इथं त्यांनी गैरसोयीचा घेतला.

१८७५ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं. माणगाव खोऱ्याच्या वर रांगणागड आहे, त्या गडाच्या बाबाजीपंत गोडे यांची कन्या. सासरचं नाव अन्नपूर्णाबाई. लग्नानंतर त्यांनी स्मार्ताग्नी ठेवला. आजच्या वाचकांसाठी सांगतो, घरात अग्नी ठेवणं म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ होम. तो चुकवून चालत नाही, गावाला जायचं तर मागची व्यवस्था करावी लागते, आणि पत्नीशिवाय तो चालतच नाही. वैराग्याची ओढ असलेल्या तरुणाने स्वतःला असं घराला बांधून घेतलं. मनातून जायचंच आहे म्हणून संसार अर्धामुर्धा केला, असं त्यांनी केलं नाही.

लग्नानंतर गायत्री पुरश्चरण केलं. गायत्रीचं पुरश्चरण म्हणजे चोवीस लक्ष जप. आमच्या नातवाला मी हा आकडा सांगितला तर त्याने मोबाईलवरच हिशेब केला. रोज एक हजार जप धरला तर २,४०० दिवस, म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त. रोज तीन हजार केला तरी ८०० दिवस. तेवढ्या दिवसांत काय दिसतं? काही नाही. माळ फिरते. शेजारपाजाऱ्यांना तर इतकंच दिसतं की टेंब्यांचा मुलगा सकाळी देवापाशी बसतो. त्याला पगारवाढ नाही की गुणपत्रिका नाही.

१८७७ साली वडील गेले. तेविसाव्या वर्षी प्रपंचाचा भार अंगावर आला. आई, पत्नी, धाकटी भावंडं आणि उत्पन्न भिक्षुकीचं. त्यातच संग्रहणीचा विकार मागे लागला, तो जन्मभर सुटला नाही. ज्यांना पोटाचं जुनाट दुखणं आहे त्यांना सांगायला नको, की असल्या दुखण्यात माणसाचा धीर सगळ्यात आधी खचतो.

या काळात महाराज घाट चढून श्रीक्षेत्र नृसिंहवाडीला जाऊ लागले. कृष्णा-पंचगंगेचा संगम, औदुंबराखालच्या पादुका, तिथला नेमधर्म. तिथं त्यांना गोविंदस्वामींचा सहवास लाभला, दत्तप्रभूंचा स्वप्नदृष्टांत होऊन मंत्रोपदेश मिळाला. एकदा वाडीची गोडी लागली की घरी परतताना पाय कसे जड होतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवलं आहे. एस.टी.त बसल्यावरसुद्धा मागं वळून बघावंसं वाटतं. मग महाराजांचं काय झालं असेल! चरित्रकार सांगतात की पुढे ते घर सोडून वाडीलाच राहायचं असं ठरवूनच गेले होते. आणि तिथं त्यांना आज्ञा झाली ती परत जाण्याची. माणगावलाच जा, तिथंच उपासना चालव.

पुन्हा एकदा परत पाठवणं. वडिलांना गाणगापुराहून, मुलाला वाडीहून.

माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड क्षण. पत्नी गेली तो प्रसंग दुःखाचा, संन्यास घेतला तो निश्चयाचा. पण हा क्षण वेगळा. योग्यता आहे, तयारी आहे, तळमळ आहे, वयही आहे. आणि ज्याच्यासाठी सगळं करायचं तोच म्हणतो, अजून नाही. नकार असता तर बरा. नकार मिळाला की माणूस दुसऱ्या वाटेला लागतो. अजून नाही याचं काय करायचं? आमचा नातू काठावर राहिला म्हणजे त्याला दोन्ही वेळा हेच उत्तर मिळालं. नापास झाला असता तर एव्हाना कुठंतरी नोकरीला लागला असता, असं तोच एकदा म्हणाला.

महाराज परतले, पण हात हलवत परतले नाहीत. वाटेत कागलला मूर्तिकाराकडून दत्तमूर्ती मिळाली, ती घेऊन आले. गावकऱ्यांच्या हातभाराने साधंसं देऊळ उभं राहिलं आणि शके १८०५ च्या वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे १८८३ साली, माणगावात दत्तमूर्तीची स्थापना झाली. वय एकोणतीस. वाडीला राहू दिलं नाही, तर त्यांनी वाडीच माणगावात आणली, असं म्हणायला हरकत नाही. त्रिकाळ पूजा, पालखी, उत्सव, सगळं वाडीच्या धर्तीवर. गावाजवळच्या डोंगरात एक गुहा आहे. महाराज तिथं एकांतात ध्यानाला बसत, ती आजही पाहायला मिळते.

सात वर्षं हे चाललं. देवाने सातच वर्षांची मुदत घातली होती, असं परंपरा सांगते. या सात वर्षांत माणगावचं नाव कोकणात आणि घाटावर दूरवर गेलं. दुखणेकरी आले, बाधा झालेले आले, पत्रिका दाखवायला आले, नुसते दर्शनाला आले. महाराज वैद्यक जाणत, ज्योतिष जाणत, पण मुख्य म्हणजे ते कुणाला टाळत नसत. गर्दी वाढली, उत्सवाला पंगती उठू लागल्या. स्वतःच्या घरात चूल पेटायची पंचाईत, आणि देवाच्या घरी मात्र कुणी उपाशी गेलं नाही.

इथं अन्नपूर्णाबाईंविषयी बोलायलाच हवं. आपण चरित्रांतून त्यांना फार लवकर पुढे ढकलतो. नाव अन्नपूर्णा, आणि कामही तेच. त्या काळची भिक्षुकाची पत्नी म्हणजे पहाटे विहिरीवर सुरू होणारा दिवस, सोवळ्याचा स्वयंपाक, अग्नीची व्यवस्था, सासूची सेवा, आणि वर आलागेला किती हे कुणी सांगायचं नाही, पानं वाढायची. नवऱ्याला वाडीला परत फिरवलं याचं त्यांना बरं वाटलं असेल, असं मला प्रांजळपणे वाटतं. पुढं काय वाढून ठेवलं आहे, तेही त्यांनी ओळखलं असणार. नवऱ्याच्या मनात काय चाललं आहे हे बायकोला कुणी सांगावं लागत नाही. महाराजांनी जी वाट पाहिली तिच्यातला निम्मा भार या माउलीने उचलला. आपल्या घरातला मुलगा वर्षानुवर्षं अभ्यास करतो तेव्हा त्याची आई पहाटे उठून चहा ठेवते, तिची वर्षं कुठं मोजली जातात? हे लिहिताना माझी सूनच डोळ्यांसमोर आहे, लपवत नाही.

मग १८८९ साली निघायची आज्ञा झाली. आणि महाराज निघाले. सात वर्षं जमवलेलं सगळं जागच्या जागी ठेवून. देऊळ, उत्सव, नावलौकिक, पंचक्रोशीतली माणसं. मला पूर्वी वाटायचं की संसार सोडणं कठीण. आता वाटतं की बसलेली घडी सोडणं त्याहून कठीण. तरुणपणी निघाले असते तर सोडायला होतं काय? एक भिक्षुकाचं घर. पस्तिसाव्या वर्षी सोडलं ते स्वतःच्या हाताने उभारलेलं. अन्नपूर्णाबाई बरोबर होत्या. त्यांनीही तेवढंच सोडलं, आणि त्यांना तर आज्ञाही झाली नव्हती.

दोघं वाडीला गेले, तिथून पुढे तीर्थयात्रा करीत, पायी, पंढरपूर-बार्शीच्या वाटेने गोदाकाठी गंगाखेडला आले. संत जनाबाईंचं हे गाव. वैशाखाचे दिवस. तिथं अन्नपूर्णाबाईंना पटकीने गाठलं. शके १८१३ च्या वैशाख वद्य चतुर्दशीला, १८९१ साली, गोदावरीच्या तीरी त्यांनी देह ठेवला. तीर्थाच्या ठिकाणी, सौभाग्यात मरण आलं म्हणून जुने लोक त्यांना भाग्यवान म्हणतात. असेलही. मला मात्र तिथं पोथी मिटून ठेवावीशी वाटते.

महाराजांनी त्यांचं उत्तरकार्य यथासांग केलं. तेरा दिवस पुरे केले. कुठलाही विधी आटोपता घेतला नाही. आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला.

कुणी म्हणेल, बायको गेली म्हणून संन्यास घेतला, त्यात काय मोठं? असं बोलणारे तेव्हाही असतील. पण लहानपणापासूनचा हिशेब समोर ठेवला म्हणजे कळतं. ज्याला सोळाव्या वर्षी जायचं होतं तो सदतिसाव्या वर्षी निघाला. मधली वीस-एकवीस वर्षं त्याने दाराकडे डोळे लावून काढली नाहीत. अग्नी सांभाळला, वडिलांचं दिवसकार्य केलं, आईला पाहिलं, भावंडांना वळण लावलं. धाकटे बंधू सीताराम हे तर पुढे स्वतःच महाराजांचे शिष्य आणि थोर सत्पुरुष झाले. देऊळ बांधलं, सात वर्षं चालवलं. बोलावणं आलं तेव्हा मागं ओढणारं एकही अर्धवट काम उरलं नव्हतं.

गंगाखेडहून महाराज उज्जयिनीला गेले. तिथं श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि वासुदेवशास्त्र्यांचे वासुदेवानंद सरस्वती झाले. पहिला चातुर्मास तिथंच, १८९१ चा.

यापुढचं चरित्र आपण सगळे जाणतो, म्हणून भराभर सांगतो. तेवीस चातुर्मास झाले. उत्तरेला हरिद्वार, पश्चिमेला द्वारका, दक्षिणेला तंजावर, कर्नाटकात हावनूर, गंगाकाठी कानपूरजवळचं ब्रह्मावर्त. चातुर्मास सोडून उरलेले आठ महिने पायी भ्रमण, वाहनात बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, संग्रहणी सोबतीला. जवळ पैसा नाही, स्वतःचा मठ बांधला नाही. आणि या फिरस्तीत ग्रंथ किती! दत्तपुराण संस्कृतात, दत्तमाहात्म्य मराठी ओवीत, गुरुचरित्राची संस्कृत द्विसाहस्री, मराठी सप्तशती, स्तोत्रांची तर गणती नाही. १९०५ साली वाडीला करुणात्रिपदी झाली. १९११ चा चातुर्मास कुरवपूरला झाला, तिथं घोरकष्टोद्धरण स्तोत्र. आज आपल्या प्रत्येक दत्तमंदिरात घुमणारा अठरा अक्षरी मंत्र त्यांनीच घराघरांत पोचवला.

या ग्रंथांत वेदान्त आहे, तसा आचारधर्म आहे, आणि संसारी माणसाच्या अडचणींची जाणही आहे. घोरकष्टोद्धरण कोण म्हणतं? ज्याच्या घरात दुखणं आहे, कर्ज आहे, मुलीचं लग्न अडलं आहे, तो. सोळाव्या वर्षी घर सोडलेल्या माणसाला ती कळ आतून ठाऊक असती का? अवतारी पुरुषांची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल, आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण मला आपलं वाटतं की त्या स्तोत्रामागे माणगावची वर्षं आहेत, वडील गेल्यावरचे ते रिकाम्या डब्यांचे दिवस आहेत, गंगाखेडचा तो वैशाख आहे.

महाराजांकडे तरुण मंडळी फार येत. सगळं सोडून बरोबर येतो म्हणणारे त्यांत असणारच. त्यांनी सरसकट भगवी छाटी वाटली नाही. श्रीगुळवणी महाराजांचंच पाहा. जन्म १८८६ चा, महाराजांच्या भेटीची विलक्षण ओढ. पण चरितार्थासाठी शाळेत चित्रकला शिकवण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. फळ्यावर मोर आणि कमळं काढणारे हे मास्तर मोठे योगी आहेत हे कित्येक विद्यार्थ्यांना मोठेपणी कळलं असेल. पुण्याचं वासुदेव निवास उभं राहिलं ते त्यांच्या उतारवयात. नारेश्वरचे श्रीरंगावधूत महाराज तर आठ-नऊ वर्षांचे होते तेव्हा वाडीला थोरल्या महाराजांचं दर्शन झालं. महाराजांनी देह ठेवला तेव्हा ते शाळकरी वयातच होते. नर्मदाकाठी नारेश्वरला त्यांनी बैठक मारली ती १९२५ साली.

१९१३ चा चातुर्मास महाराजांनी गुजरातेत नर्मदातीरी गरुडेश्वरला केला आणि तिथून ते पुढे हलले नाहीत. शके १८३६ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला, २४ जून १९१४ रोजी, ते समाधिस्थ झाले. साठावं वर्ष चालू होतं. म्हणजे सदतीस वर्षं घरात आणि तेवीस वर्षं बाहेर. पेन्सिलीने मांडलेला हा हिशेब मी नातवाला दाखवला. त्याने वही उलटसुलट करून पाहिली, आणि मला विचारलं की सात वर्षांची मुदत आहे हे त्यांना आधीच माहीत होतं ना, मग सोपंच होतं की. मुदत माहीत असली तर मीही थांबेन.

मला लगेच उत्तर सुचलं नाही. खरं आहे त्याचं. पण एकविसाव्या वर्षी अग्नी ठेवला तेव्हा, तेविसाव्या वर्षी वडील गेले तेव्हा, वाडीहून परत पाठवलं तोपर्यंत, कसलीच मुदत कुणी सांगितली नव्हती. ते मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो काही बोलला नाही. सध्या सकाळी एका वाण्याकडे हिशेबाला जातो, दुपारी अभ्यासाला बसतो, आणि यंदाच्या सप्ताहात पोथीला बसायचं त्याने आपणहून कबूल केलं आहे. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही, आणि आम्ही विचारत नाही.

या निमित्ताने आम्ही दोघं माणगावला जाऊन आलो. ज्यांना जायचं असेल त्यांनी कुडाळला उतरावं, तिथून माणगाव जवळ आहे. देवळात दर्शन घ्यावं, महाराजांचं जन्मस्थान पाहावं आणि गुडघे साथ देत असतील तर गुहेपर्यंत जाऊन यावं. पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले. गुहेपाशी गेल्यावर घाईने परत फिरू नये, थोडा वेळ बसावं. नातू माझ्या आधी वर पोचला होता. मी धापा टाकत पोचलो तेव्हा तो डोळे मिटून बसला होता, म्हणून मी बाहेरच थांबलो.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥